भुयारात पहिला मान

“शामला, आलेल्याला आधी पाणी दे, मग सावलीत बसव, मग इतिहास सांग. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हण. त्यानं कुणाची जीभ झडत नाही.”

गढीच्या किल्ल्या माझ्या हातात देताना माझे सासरे विष्णुपंत गुरुजी असं म्हणाले होते. त्याला सहा वर्षं झाली. आता गुरुजी नाहीत. किल्ल्या आहेत, पाण्याचा माठ आहे आणि इतिहास सांगायला मी आहे.

आमचं गाव कळंब तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला देशमुखांची गढी आहे. तिचे वारस पुण्याला असतात. गुरुजींच्या शब्दाखातर त्यांनी ती गावच्या समितीकडे सोपवली. दोन बुरूज, एक सदर, एक आड आणि भोवतीची पांढऱ्या मातीची भिंत, एवढंच उरलेलं आहे. सदरेत गुरुजींनी जुनी मापं, जाती, कुलपं आणि निजामाच्या वेळचे कागद मांडून ठेवले. शाळांच्या सहली येतात. तुळजापूरला निघालेले भाविक वाट थोडी वाकडी करून येतात. माझा आवाज बारीक आहे, तिसऱ्या ओळीच्या पुढं जात नाही. त्यामुळे माणसांना जवळ यावं लागतं, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवर खिळ्यानं नाव कोरता येत नाही.

माझे नेमधर्म सगळ्या गावाला माहीत आहेत. तुळशीला अकरा प्रदक्षिणा, पोथीचा एक अध्याय, सोमवारी दुपारपर्यंत मौन. चातुर्मासात मी दर वर्षी काहीतरी सोडते. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी गूळ, एका वर्षी चहा. चहाचं वर्ष घरातल्या सगळ्यांनाच जड गेलं. यंदा मी खोटं बोलणं सोडलं. त्याला कारण होतं. गेल्या साली सहलीतली पोरं उत्तरेच्या बुरुजावर चढायला लागली, तेव्हा मी हळूच म्हटलं होतं की वर एक बाई राहते आणि तिला गोंगाट आवडत नाही. पोरं झटक्यात खाली आली. पण त्यातली एक मुलगी तीन दिवस तापानं फणफणली असं नंतर कानावर आलं, आणि माझ्या मनाला ते लागलं. म्हणून हा नेम.

गढीत नोकरी करून खरं बोलायचं म्हणजे अवघडच. कारण येणारा प्रत्येक माणूस पाणी प्यायच्या आधी विचारतो, “भुयार कुठंय?” आमच्याकडे प्रत्येक गढीला भुयार असतं, आणि ते तुळजापूरलाच निघतं. मी आषाढीपासून एकच उत्तर ठरवून टाकलं होतं. “इथून उतरलेला माणूस तुळजापुरात निघाला असं मला तरी अजून कुणी सांगितलेलं नाही.” लोक माना डोलवायचे. काही जण तर तेवढ्यावर खूश होऊन पेटीत दान टाकून जायचे.

सगळ्यांत मोठी अडचण आमच्या समितीचे अध्यक्ष व्यंकटराव यांची होती. खतांचं दुकान, अंगानं भरदार, बोलणं अखंड. माणूस वाईट नाही. गढीवर त्यांचा जीव आहे, पण त्यांना ती आहे त्याहून मोठी हवी असते. त्यांचे आजोबा गोरोबातात्या याच भुयारातून घोड्यावर बसून सकाळी निघायचे आणि आरतीला तुळजापुरात हजर असायचे, ही कथा त्यांनी मला निदान चाळीस वेळा ऐकवली आहे. घोडा कधी पांढरा असायचा, कधी अबलख. वीस-बावीस कोसांचं अंतर, तेही वाकून, घोड्यावर. पण विचारणार कोण?

भाद्रपदात दोन दिवस झोडपून पाऊस झाला, आणि उत्तरेच्या बुरुजाच्या पायथ्याची माती वाहून गेली. खाली एक गोल दगडी झाकण दिसायला लागलं. व्यंकटराव धावत आले, झाकणाला हात लावून डोळ्यांना लावला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भुयार सापडलं.

मी जैनोद्दीनचाचांना बोलावून आणलं. चाचांचं वय ऐंशीच्या पुढं. गढीच्या भिंती लिंपायचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. ते काठी टेकत आले, झाकणावर कान ठेवल्यासारखे वाकले, काठीनं दोनदा ठोकलं आणि म्हणाले, “पेव हाय, ताई. जवारीचं पेव.”

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वरून तोंड अरुंद, आत घागरीसारखी फुगत गेलेली. जुन्या काळी ज्वारी त्यात वर्षानुवर्षं टिकायची. मी व्यंकटरावांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काकू, तुमचा आवाज बारीक, तसा तुमचा इतिहासबी बारीक. लोकास्नी काहीतरी मोठं दावावं लागतंय.”

मोठं म्हणजे काय ते समितीच्या बैठकीत कळलं. शुक्रवारी जेसीबी येणार होता. झाकणापासून बुरुजाच्या खालून सरळ खणत जायचं, भुयाराची वाट मोकळी करायची, आत दिवे लावायचे आणि नवरात्रात ते भाविकांसाठी खुलं करायचं.

चाचा हे ऐकून काठी टेकत उठले. मग मला बाहेर नेऊन त्यांनी बुरुजाचं पोट दाखवलं. गढीची पांढरी माती रानात घातली की पीक जोमदार येतं, आणि धाब्याच्या घरांवर टाकली की पावसाचं पाणी झिरपत नाही. त्यामुळे गावानं वर्षानुवर्षं ती उकरून नेली होती. बुरुजाला माणूस आत उभा राहील एवढं भगदाड पडलेलं होतं. त्यातलं निम्मं गेल्या उन्हाळ्यात व्यंकटरावांच्याच ट्रॉल्यांनी पाडलं होतं, अर्थात अध्यक्ष व्हायच्या आधी.

“मशीनीचा पंजा इथं लागला,” चाचा म्हणाले, “की दुपारपत्तोर बुरूज खाली. मग आपल्याच्यानं पुन्ना उभा व्हत न्हाय, ताई. मला आता वर चढाया येत न्हाय, आन् माझ्याकडं शिकाया कुणी येत न्हाय.”

त्या रात्री माझा जप नीट झाला नाही. एक बुरूज आधीच अर्धा खचलेला. हाही गेला तर उरेल तो ढिगारा, आणि ढिगाऱ्याला माहिती सांगणारी बाई लागत नाही. गुरुजींनी बावीस वर्षं खर्ची घातलेली होती त्यात. व्यंकटरावांशी भांडावं, तर माझा आवाज तिसऱ्या ओळीपलीकडं जात नाही.

सकाळी प्रदक्षिणा घालताना सातव्या फेरीला सुचलं.

मी समितीच्या लोकांकडे एकेकाच्या घरी गेले आणि फक्त एवढंच म्हटलं, की शुक्रवारी पितृपक्षातली नवमी आहे. दुसरं काही नाही. पक्षपंधरवड्यात आमच्याकडे कुणी नवी चप्पलसुद्धा घालत नाही, मग जमिनीला नवा खड्डा कोण पाडणार? संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी व्यंकटरावांना सांगितलं की जेसीबी घट बसल्यावर आणा. व्यंकटराव माझ्याकडे आले. त्यांना संशय आला होता.

“काकू, ह्ये तुमीच सांगितलंत व्हय?”

“तिथी सांगितली,” मी म्हटलं. “तिथी पंचांगात आहे.”

मग त्यांना पाणी दिलं, सावलीत बसवलं, आणि विचारलं, की ज्या वाटेनं गोरोबातात्या जायचे असं तुम्ही म्हणता, त्या वाटेवर पहिलं पाऊल यंत्राचं पडावं का? पितरांचा पंधरवडा आहे. नातवानंच आधी उतरून आजोबांना नमस्कार करावा, हे जास्त शोभणार नाही का? “असं तुम्ही म्हणता” हे शब्द मी मुद्दाम घातले होते, म्हणून नेमाला बाध आला नाही.

व्यंकटरावांचा चेहरा उजळला. त्यांना त्यात फोटो दिसला असावा. दुसऱ्या दिवशी वेशीवर फलक लागला. त्यावर तुळजापूरच्या देवळाचं शिखर, पांढरा घोडा, व्यंकटरावांचा फेटा आणि खाली अक्षरं: भुयारात पहिला मान. मुहूर्त सर्वपित्री अमावास्या, दुपारी चार.

आता इथं मला एक कबूल करायला हवं. अमावास्येच्या तीन दिवस आधी चाचांनी झाकण सरकवायला लावलं. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून आत रोज कंदील सोडायचा अशी जुनी रीत आहे. पहिल्या दिवशी कंदील दोन हातांवर विझला. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर. तिसऱ्या दिवशी तळाला जाऊन शांतपणे जळत राहिला. तेव्हाच आम्हाला आतला तळ स्पष्ट दिसला: गोल, बंद, चारी बाजूंनी गुळगुळीत, कुठंही वाट नाही. आणि तेव्हाच चाचांनी पेवाचं तोंडही मोजलं. सव्वा हात भरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. व्यंकटरावांचा घेर आम्हा दोघांनाही माहीत होता. पण तोंड केवढं आहे हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं न सांगणं हे खोटं बोलण्यात येत नाही. याबद्दल मी नंतर एकशेआठ जप जास्तीचा केला.

अमावास्येला व्यंकटरावांच्या घरी पितरांचा स्वयंपाक होता. खीर, वडे, आमटी, सात भाज्या. ते सगळं पितरांच्या वतीनं आटोपूनच ते चारला आले. पांढरा शुभ्र सदरा, फेटा, गळ्यात हार. निम्मं गाव जमलेलं होतं. शाळेतल्या शिवप्रिया बाई पाचवीचा वर्ग घेऊन आल्या होत्या. व्यंकटरावांनी नारळ फोडला, आजोबांवर दहा मिनिटं बोलले, घोडा या वेळी काळा होता, आणि पेवात शिडी सोडून ते पाठमोरे उतरायला लागले.

पाय गेले. गुडघे गेले. कंबर गेली. मग ते थांबले.

आधी वाटलं भाषणाचं काहीतरी राहिलं असेल. मग त्यांनी दोन्ही हात जमिनीवर टेकून वर यायचा प्रयत्न केला, तर सदरा गोळा होऊन खाली अडकला. आत पाय शिडीवरून सुटले होते. चप्पल तळाशी पडल्याचा आवाज आला, तोही बऱ्याच वेळानं. एका मुलीनं मला विचारलं, “काकू, साहेब भुयारात गेले का?”

“अर्धे गेले,” मी म्हटलं. खरं तेच.

मग मात्र हसू कुणाला आवरेना. दोघं-तिघं पुढं होऊन ओढायला लागले तसे व्यंकटराव कळवळले, आणि चाचांनी काठी वर केली. ओढू नका, कातडं सोलून निघेल, थोडं तेल लागेल, असं ते म्हणाले. सदरेतल्या नंदादीपासाठी मी करडईचं तेल डब्यात ठेवत असते. ते आणायला मी निघाले, तेवढ्यात शिवप्रिया बाई म्हणाल्या, “काकू, मुलं बसलीच आहेत, तोवर जरा माहिती सांगा ना.”

मी थांबले. हेही कबूल करायला हवं, की मी जरा जास्तच थांबले.

मी मुलांना जवळ बोलावलं. व्यंकटराव मधोमध होतेच, त्यामुळे तोंड किती अरुंद हे वेगळं दाखवावं लागलं नाही. पेवाला आतून कडबा आणि भुसकट कसं लावायचे, झाकणावर माती कशी थापायचे, पावसाचं पाणी आणि चोर दोघंही का आत शिरू शकत नसत, हे सांगितलं. धान्य काढायला आत माणूस सोडावा लागे. तो किरकोळ अंगाचा हवा. आणि आत असेपर्यंत त्यानं सारखं बोलत राहायचं, गाणं म्हणायचं, काहीही बडबडायचं. वर दोर धरलेला माणूस तो आवाज ऐकत बसायचा. आवाज थांबला की समजायचं आत हवा वाईट आहे, आणि लगेच ओढून काढायचं.

“इथं कोण उतरायचं, काकू?” एकीनं विचारलं.

“मला ठाऊक नाही,” मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं.

“मला हाय,” चाचा म्हणाले.

ते दगडावर बसले होते. त्यांनी काठी व्यंकटरावांच्या दिशेनं केली. “दोर माझा बाप धरायचा. आन् आत उतरायचा गोरोबा. ह्येचा आजा.”

व्यंकटरावांनी मान वळवता येईल तेवढी वळवली. चेहरा लाल होता, हार एका कानावर आला होता.

“चाचा, आन् घोडा?” त्यांनी अगदी हळू विचारलं. मला त्यांचा इतका लहान आवाज कधी माहीतच नव्हता.

“घोडा कुठला, बाबा. सुतळीवानी माणूस हुता. त्येच्याशिवाय कुणी ह्या तोंडातनं जाईना. एक साल लई दुष्काळ पडला. देशमुखानं पेवं उघडली. आठ दिस गोरोबा रोज उतरला. गावानं जी जवारी खाल्ली ती समदी त्येच्या हातची. माझ्या बापानं खाल्ली, ह्या बाईंच्या सासऱ्यानं खाल्ली.” चाचांनी दम घेतला. “पर आत लई बोलायचा. निस्ता बोलायचा. माझा बाप म्हणायचा, ह्येचा आवाज थांबल आन् ओढावं लागल ह्ये भ्याव कधी वाटलंच न्हाय.”

“ते घराण्यातच हाय,” गर्दीतून धुरपदाबाई म्हणाल्या. त्या गढीत झाडलोट करतात आणि कुणाचीच भीड ठेवत नाहीत.

गाव हसलं. आणि काय सांगावं, व्यंकटरावही हसले. हसले तसे दोन बोटं आणखी खाली गेले.

मी तेलाचा डबा घेऊन त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले. ते मान खाली घालून आतल्या अंधाराकडे बघायचा प्रयत्न करत होते. पोट मध्ये येत होतं.

“आठ दिस,” ते म्हणाले. “काकू, आत काय दिसत असंल त्येला?”

“काही नाही. वरचं एवढं गोल आभाळ.”

मी डब्याचं झाकण काढलं, पण डबा कलता केला नाही.

“व्यंकटराव,” मी म्हटलं, “घट बसल्यावर जेसीबी आणायचाय का?”

त्यांनी आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं असं मला वाटलं.

“काकू, तुमी लई साध्या दिसता,” ते म्हणाले.

“आणायचाय का?”

“न्हाय आणत. इथं आता काय खणायचं?” मग त्यांनी वर बुरुजाच्या भगदाडाकडे बघितलं. तिथून ते अगदी समोर दिसत होतं. “त्ये बी बुजवून देतो. नेलेली माती हाय अजून बांधावर. शब्द देतो. पर आता वता की त्ये.”

मी ओतलं. चौघांनी काखेत हात घातले, चाचांनी अंगाला हळूहळू गिरक्या द्यायला सांगितल्या, आणि पाच मिनिटांनी अध्यक्ष बाहेर आले. हार आणि एक चप्पल पेवात राहिली. सदरा नंतर कधी धुऊन निघाला नाही असं त्यांच्या घरून कळलं.

संध्याकाळी दिवेलागणीला ते माझ्या ओसरीवर आले. पाणी घेतलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की पेवाची माहिती सांगाल तेव्हा आजोबांचं नाव घेत जा, आठ दिवसांचं सांगत जा, सुतळीसारखे होते तेही सांगितलं तरी चालेल. मी हो म्हटलं. ते उठले, पायरीवर थांबले.

“काकू, घोडा आत न्हवता ह्ये खरं. पर भायेर, लिंबाला, एखादा बांधला तर?”

“चातुर्मास आहे, व्यंकटराव.”

“कार्तिकीनंतर?”

“नंतरही नाही.”

ते हसत गेले. पण माझ्या मनात धाकधूक राहिली. तेल लागलेल्या माणसानं दिलेला शब्द तो. तो सुकल्यावर किती उरतो कोण जाणे. शिवाय जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं की नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि पावसाचे दिवस अजून सरले नव्हते. आणखी एक जोराची सर त्या भगदाडाला पुरली असती. धुरपदाबाई तर म्हणाल्या, अध्यक्षांचा शब्द म्हंजी फलकावरचा घोडा.

सकाळी घटस्थापना होती. घटासाठी काळी माती आणायची म्हणून अंघोळ करून, टोपली घेऊन मी उजाडता उजाडता रानाकडे निघाले. व्यंकटरावांच्या मळ्याजवळ आले तर बांधावर ट्रॅक्टर उभा. मी बाभळीमागं थांबले. लपले म्हणायला हरकत नाही.

व्यंकटराव एकटेच होते. ना फेटा, ना फोटोवाला, ना गडी. गंजीफ्रॉकवर, अनवाणी. बांधावर गेल्या उन्हाळ्यात टाकलेल्या पांढऱ्या मातीला गवत आलेलं होतं. ते खुरप्यानं बाजूला काढून फावड्यानं माती ट्रॉलीत भरत होते. चार फावडी मारली की कंबर धरून उभे राहायचे, गावाकडे बघायचे, कुणी येत नाही असं दिसलं की पुन्हा वाकायचे. तोंडानं एक शब्द नाही.

ट्रॉली काठोकाठ भरली. त्यांनी वर ओलं पोतं अंथरलं, वाटेत माती सांडू नये म्हणून कडा दाबून घेतल्या. मग ट्रॅक्टरवर चढले, आणि आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश गढीच्या रस्त्याला लागले.